घरी भरलेली काडतुसं आणि रडार क्रोनोग्राफ : सात-आठ महिन्यांचा अनुभव

टेक्सासमध्ये राहतो आणि ६.५ क्रीडमूर या मापाची रायफलीची काडतुसं घरीच भरतो. गेले सात-आठ महिने त्यांच्या गोळ्यांचा वेग गार्मिनच्या झीरो सी१ प्रो या रडार क्रोनोग्राफवर, म्हणजे रडारने वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतो आहे. भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो : १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. त्यामुळे हे लिखाण मुख्यतः इथे, अमेरिकेत, हा छंद जोपासणाऱ्यांसाठी आहे.

यंत्र मुठीत मावतं. बाकावर रायफलीच्या शेजारी ठेवायचं, तोंड लक्ष्याकडे करायचं, रायफल हा प्रकार निवडायचा आणि गोळी झाडायची. आकडा लगेच पडद्यावर येतो. याआधी माझ्याकडे प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ होता. तो तिवईवर नळीच्या दहा-पंधरा फूट पुढे मांडावा लागे. त्यासाठी सगळ्या रेंजवर गोळीबार थांबेपर्यंत वाट बघायची, आणि ऊन कललं किंवा ढग आला की आकड्यांवरचा विश्वास उडायचा. नळीला बांधायचा चुंबकी प्रकारही वापरून पाहिला. वेग तो चांगला मोजतो, पण त्याच्या वजनाने गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणजे वेग आणि गट (लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) एकाच वेळी तपासता येत नाहीत. रडारने या दोन्ही कटकटी संपवल्या. आता एकही गोळी मोजल्याशिवाय जात नाही, आणि खरा फायदा तोच आहे.

होळीच्या सुमारास रायफलीला नवी २४ इंची नळी बसवली. १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) बुलेट आणि एच४३५० पावडर हा लोड, म्हणजे काडतुसाचं मिश्रण, सरासरी वेग सेकंदाला २६९० फूट. कारखान्यातली १४० ग्रेनची मॅच काडतुसं एवढ्याच नळीतून साधारण २७१० देतात, त्यामुळे लोड जागेवर होता. गणपतीच्या आधी, भर ऑगस्टच्या उन्हात, तोच लोड २७५८ दाखवू लागला. गट सुरेख पडत होते. बाजूच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "फुकटचा वेग मिळतोय, घ्या!"

वेग फुकट कधीच मिळत नाही. घरी काडतूस भरणाऱ्याकडे सहसा दाब मोजायचं साधन नसतं, आकड्यात दिसणारी दाबाची खूण म्हणजे वेग. ६.५ क्रीडमूरची मान्य कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. पावडर न वाढवता वेग सत्तर फुटांनी चढला, तर दाबही कुठूनतरी चढला असणार. रिकामं ब्रास, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, उन्हात तिरकं धरलं, तर बुडावर इजेक्टरच्या (रिकामं कवच बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाची पुसटशी चकचकीत चंद्रकोर दिसत होती, ही जास्त दाबाची खूण. प्रायमर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) ठीक होते, बोल्टही हलका उघडत होता, पण ती चंद्रकोर मला पुरेशी होती. गोळीबार तिथेच थांबवला.

संशयित चार होते : पावडरचा नवा डबा, वजनकाटा, ऊन आणि खुद्द नळी. यातले पहिले दोन एका झटक्यात बाद झाले, कारण मार्चमध्ये भरलेल्या काडतुसांची एक पेटी मी शिल्लक ठेवली होती. जुना डबा, जुनं वजन, तेच ब्रास. ती काडतुसं नव्यांच्या आलटून पालटून झाडली. नव्यांची सरासरी २७५८, जुन्यांची २७५१. म्हणजे डबा आणि काटा दोघंही निर्दोष. मग तीच पेटी भल्या पहाटे गारव्यात झाडली. वेग जेमतेम डझनभर फुटांनी उतरला, कारण एच४३५० तापमानाला फारशी दाद देत नाही. नळीच्या घशातला (काडतुसाच्या लगेच पुढच्या भागातला) कार्बन घासून काढला, तरी आकडा हलला नाही. उरली नळी. नव्या नळीचा वेग पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत वाढतो हे जुने लोक सांगतात, आणि माझ्या नळीतून तोवर दीडेकशे गोळ्या गेल्या होत्या. चार्ज, म्हणजे पावडरचं वजन, खाली आणला आणि लोड पुन्हा पायरीपायरीने बांधला. किती ग्रेन ते इथे मुद्दाम देत नाही. तो आकडा पावडर कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावा, आणि सुरुवात खालच्या टोकापासून करावी.

यात रडारने कारण सांगितलं नाही, फक्त आकडे दिले. कारण सापडलं ते जुन्या पेटीमुळे आणि वहीमुळे. म्हणून प्रत्येक लोडची दहा-वीस काडतुसं तारीख घालून बाजूला ठेवावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

पडद्यावर स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे एसडीही (वेग गोळीगणिक किती कमीजास्त होतो त्याचं माप) येतं, आणि लोक त्याला फार भुलतात. पाच गोळ्यांत एसडी १० आलं, तर संख्याशास्त्राप्रमाणे खरं एसडी ६ ते २९ यांच्यात कुठेही असू शकतं. पाच-पाच गोळ्यांच्या आकड्यांवरून प्रायमर बदलणं म्हणजे पैसे जाळणं. मी वीस गोळ्यांच्या खाली एसडीकडे बघतच नाही.

उलटी तक्रारही ऐकू येते : काडतुसं भरायच्या पुस्तकात दिलेल्या एवढा वेग मिळत नाही. एका मित्राचा असाच जीव वरखाली झाला होता. त्याची नळी २० इंची, पुस्तकातली चाचणी २४ इंचीवर. इंचाला वीस-पंचवीस फूट धरले, तर ऐंशी ते शंभर फूट तिथेच गेले. तो वेग पावडर वाढवून भरून काढायचा नसतो. त्याने तसं केलं नाही, रेंजवरचा टर्रेटचा, म्हणजे दुर्बिणीवरच्या नेम जुळवायच्या चकतीचा, तक्ता खऱ्या वेगावर बसवला, आणि लांबच्या लक्ष्याच्या पाट्या लागायला लागल्या.

या रडारसाठी सहाशे डॉलर थोडे नाहीत. नुकतीच सुरुवात केली असेल, तर आधी चांगला वजनकाटा, तपासणीची वजनं आणि ब्रासची लांबी मोजायला कॅलिपर घ्या. यंत्राची बॅटरी आतच बसवलेली आहे, त्यामुळे रात्री चार्जिंगला लावून निघायचं. आता नळी २७०५च्या आसपास स्थिरावली आहे. जुनी पेटी संपत आली, म्हणून या लोडची नवी पेटी कालच तारीख घालून कपाटात ठेवली.