क्लाउडफ्लेअरचं फुकट डीएनएस: वर्षभर वापरून सांगते

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या एका दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सर्व्हर बदलला आणि पुरती फजिती झाली. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंदवही. ती तेव्हा ज्या कंपनीकडे होती तिच्या पॅनेलमध्ये टीटीएल, म्हणजे सांगितलेला पत्ता इतरांनी किती वेळ साठवून ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंदांवर बांधलेला, बदलायची सोयच नाही. नवा पत्ता टाकला, माझ्या मोबाइलवर नवी साइट उघडली, मी निर्धास्त. दुपारी पुण्याहून फोन: "ताई, कापशी चपलेचे पैसे गेले, मेसेज काय आला नाही." त्यांच्या इंटरनेटवाल्याकडे जुनाच पत्ता साठवलेला होता आणि तो चोवीस तास हलणार नव्हता. जुन्या सर्व्हरवर पडलेल्या अकरा ऑर्डरी मालकांनी आणि मी रात्री बसून वहीत उतरवल्या.

मग क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या फुकट डीएनएसवर आले. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलताना एक सांभाळा: डॉट कॉमकडची नेमसर्व्हरची नोंद १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस साठवली जाते. तेवढे दिवस जुन्या पॅनेलमधल्या नोंदी मी तशाच ठेवल्या.

इथे प्रत्येक नोंदीचा टीटीएल एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत निवडता येतो. यंदा पुन्हा सर्व्हर हलवायचा होता. एरवी एक तासावर असलेली नोंद मी आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर आणली. ऐनवेळी कमी करून काही होत नाही. ज्यांनी जुना आकडा उचललाय ते तो संपेपर्यंत विचारायलाच येत नाहीत. साठवलेल्या नोंदीचे किती सेकंद उरलेत ते दाखवणारी 'डिग' कमांड परत परत मारत बसले: ३००, २८८, २७१... शून्याकडे जाऊन पुन्हा ३००. मगच पत्ता बदलला. दहा मिनिटांत जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जवळपास शांतता. दोन दिवसांनी टीटीएल परत एक तास केला. मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायची ते सांगणारी एमएक्स नोंद वर्षानुवर्षं तीच असते, ती एका दिवसावर.

खटकलेलं सांगते. नारिंगी ढग, म्हणजे साइटवर येणाऱ्यांना क्लाउडफ्लेअरमार्फत आणायची सोय, चालू केला की टीटीएल 'ऑटो'वर अडकतो, म्हणजे ३०० सेकंद. आणि नवं सबडोमेन, म्हणजे साइटच्या नावाआधी जोडलेलं उपनाव, त्याची नोंद करायच्या आधी ब्राउझरमध्ये टाकून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, माझा अर्धा तास त्यातच गेला.

दुकानाच्या मालकांना यातलं काही दिसत नाही. या खेपेला त्यांनी फक्त विचारलं, "सर्व्हर बदलला का अजून?" बदलून तेव्हा आठवडा झाला होता.