सीलबंद कार्ड आणि पाठीवरचा स्क्रू

जुनी खेळणी जमवणाऱ्यांपैकी कुणाला 'वडिलांचं दुकान बंद केलं, गोडाऊनमध्ये सीलबंद माल सापडलाय' असा फोन आला असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे ३१,५०० रुपये गेलेत. बारा वर्षं या नादात आहे, म्हणजे नवखा म्हणूनही सुटका नाही.

मी लातूरचा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपायचो. मी आठ वर्षांचा होतो, पत्रा वाजला तरी दचकून उठायचो. तेव्हा वडिलांनी गंजगोलाईतल्या एका दुकानातून जी. आय. जोचा सैनिक आणून दिला. पावणेचार इंचांचा, मान, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे, सगळं वळायचं. तो मुठीत धरून झोप लागायची. मूळ खेळणं अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीचं, हा पावणेचार इंची आकार १९८२ पासूनचा. पण आपल्याला मिळायचा तो फनस्कूल कंपनीने इथे बनवलेला. साचे तिकडचे, रंग कधीकधी भलतेच. त्या भलत्या रंगांपायी आज परदेशातले लोकही भारतीय कार्डं, म्हणजे छापील पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकच्या बबलमध्ये बंद असलेले सैनिक, शोधतात.

आता बाजाराची अवस्था सांगतो, कारण माझ्या फसण्याचं मूळ तिथंच आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून एकदम ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क लागतो. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ते ठीकच आहे, पण आमच्यासारख्या चाळिशीतल्या पोरांची पंचाईत झाली. जे येतं ते परवडत नाही. मधे हॅसब्रोने प्लॅस्टिक वाचवायला खोक्याची पारदर्शक खिडकीच काढून टाकली होती. आत काय आहे ते न बघताच हजारो रुपये मोजायचे. नंतर खिडकी परत आणली म्हणा. गावोगावची जुनी दुकानं मोबाइल कव्हर विकायला लागली. जमवणारेही कमी झाले, काहींनी संसाराला पैसे लागले म्हणून सगळं काढून टाकलं. अशा दुष्काळात कुणी 'जुना माल आहे' म्हटलं की माणूस विहिरीत वाकून बघतोच.

मला फोन आला २०२४ च्या दिवाळीनंतर. माणूस बोलायला गोड, घाई अजिबात नाही. आधी त्याने एक सुटा सैनिक ९०० रुपयांना पाठवला. अस्सल. रंग शाबूत, दोन्ही अंगठे शाबूत. (हे अंगठे फार नाजूक, बंदूक हातात घालताना हमखास तुटतात.) पंधरा दिवसांनी म्हणाला, नऊ कार्डं सीलबंद आहेत, ३,५०० ला एक, सगळी घेणार असाल तरच देतो. मी हुशारी दाखवली. ऑनलाइन पैसे टाकणार नाही, समोर बघून घेईन म्हणालो. तो लगेच तयार! तेव्हाच शंका यायला हवी होती, उलट माझा विश्वास वाढला. ५,००० फोनवरून दिले, बाकीचे २६,५०० रोख घेऊन मी एसटीने निघालो. तो नांदेडहून, मी लातूरहून, भेट अर्ध्या वाटेवर अहमदपूरच्या स्टँडवर.

निघताना आई म्हणाली, "खेळण्यापायी एवढे पैसे घालवायलास, लेकरं-बाळं हायत का नाय तुला?" मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. स्टँडच्या कँटीनमधल्या पिवळ्या दिव्याखाली त्याने कापडी पिशवीतून एकेक कार्ड काढलं. प्रत्येक कार्ड वेगळ्या जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात. बबल जरासा पिवळसर, कार्डाचे कोपरे दबलेले, एकावर जुन्या किमतीचं फाटकं लेबल. मी पाकिटातून काढायला गेलो तर म्हणाला, "दादा, हाताचा घाम लागंल, तीस वर्षं जपलंय." पटलं. पटणारच, कारण मी स्वतः घरी पाहुण्यांना हेच सांगतो.

पुढचे सहा महिने ती कार्डं माझ्या काचेच्या कपाटात उभी होती. त्यातली दोन मी संभाजीनगरच्या एका मित्राला ४,२०० प्रमाणे दिली. कार्डामागे सातशेचा नफा, वर उपकार केल्याचा आव. मे महिन्यात बहीण उदगीरहून आली. दुपारी सगळे आडवे झाले असताना भाच्याने कपाट उघडलं आणि बीच हेड नावाच्या सैनिकाचा बबल टराटरा सोलून काढला. मी आवाजाने उठलो, पोराच्या अंगावर ओरडलो, बहिणीशी बोलाचाली झाली. तो रडत रडत म्हणाला, "मामा, ह्याला आधीच फेविक्विक लावलंय."

हातात घेऊन पाहिलं. खरंच, अंगठ्याला पांढुरकी रेघ. पाय दुसऱ्याच सैनिकाचे. आणि पाठीवर, जिथे कारखान्यातून निघालेला स्क्रू गुळगुळीत असायला हवा, तिथे स्क्रूची खाच पार झिजलेली. या सैनिकाच्या धडाचे दोन अर्धे पाठीवरच्या एका स्क्रूने जोडलेले असतात. आत रबराची काळी ओ-रिंग असते, तिच्यावर कंबर आणि पाय तोललेले. मी तो उघडला तर रिंग नवीकोरी, मऊसूत. म्हणजे कुणीतरी तुटके सैनिक गोळा केले, एकाचं डोकं दुसऱ्याला लावलं, नव्या रिंगा घातल्या आणि पाठ कार्डाकडे करून चिकटवून टाकलं. कार्डाच्या बाजूची पाठ बबलमधून दिसतच नाही. आणि आम्ही लोक सीलबंद कार्ड जन्मात फोडत नाही. त्याचा सगळा धंदा या एका सवयीवर उभा होता.

मग भिंग घेऊन बसलो. जुन्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली रंगांचे ठिपके नक्षीसारखे एका रांगेत दिसतात. या कार्डावर बारीक तुषार उडवल्यासारखं दिसत होतं, घरगुती प्रिंटरवर असतं तसं. कडेचा मळकटपणा ओला करून नखाने खरवडला तर बोटाला चक्क चहाचा वास. बबलच्या कडेने पारदर्शक गोंदाचा ओघळ. हे सगळं अहमदपूरला पाच मिनिटांत कळलं असतं, पाकिटातून काढून उजेडात धरलं असतं तर. त्या रात्री उरलेली सहाही फोडली. सहाही तसलीच.

फोन अर्थातच बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लावला. त्यांनी तक्रार घेतली, पण सहा महिन्यांनी पैसे कुठे अडवणार? ती सोय ताबडतोब कळवणाऱ्यासाठी आहे. ठाण्यातल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "चारशेवीस कलम आता नव्या कायद्यात तीनशे अठरा झालंय, ते लावता येईल. पण रोख दिले त्याचा पुरावा काय? न् माल तर तुम्ही बघून घेतला म्हणता." टेबलावरचा सैनिक उचलून त्याने त्याची मान दोनदा फिरवली. "हे साडेतीन हजाराला?" मागे बसलेले दोघं हसले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण कागदावर लिहिताना 'खेळणी' ऐवजी 'संग्राह्य वस्तू' लिहा एवढं मी हट्टाने लिहून घेतलं.

खरी परीक्षा पुढे होती. संभाजीनगरच्या मित्राला काही माहीत नव्हतं. त्याचंही कपाट बंदच. गप्प बसलो असतो तर बहुतेक कधीच कळलं नसतं. दोन दिवस मी गप्प बसलोही, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी फोन केला आणि ८,४०० परत पाठवले. त्याने पैसे आल्याचंही कळवलं नाही. आठवड्याने फक्त पार्सल आलं, दोन्ही कार्डं जशीच्या तशी.

पहिलं भिंगाखाली धरलं. तुषार. फोडलं, स्क्रू झिजलेला. दुसऱ्याला भिंग लावलंच नाही. त्यात कोब्रा कमांडर होता, जी. आय. जोमधला खलनायक. डोकं तापलेलं होतं, ब्लेड घेतलं आणि बबल कापला. कार्डाचा वरचा कागद बबलबरोबर फाटून आला, गोंद इतका जुना आणि घट्ट होता. सैनिक उलटा केला. स्क्रू गुळगुळीत, एक ओरखडा नाही. कंबर जराशी वळवली तर आतली वाळलेली रिंग कट्कन तुटली आणि दोन्ही पाय माझ्या मांडीवर पडले.

नऊतला तो एक खरा होता.