गावच्या घराला नेट: केबलवाल्याची तार की छतावरचा डबा?

गणपतीला आलेले चाकरमानी पूर्वी "रेंज कुठे येते?" असं विचारायचे. हल्ली आरती आटोपली की पडवीत बसून विचारतात, "काका, तुम्ही तार घेतलीत की डबा?" तार म्हणजे केबलवाल्याने खांबाखांबावरून ओढत आणलेला फायबर आणि डबा म्हणजे मोबाइल कंपनीचं छतावर बसणारं ५जीचं यंत्र. दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या आमच्या वाडीत, माझ्या घरी, दोन्ही नांदून झालंय. सव्वा वर्ष डबा, आता तार, आणि मधले दोन महिने दोन्ही. वेगाचे आकडे जाहिरातीत मिळतील. पुण्याची सून व्हिडिओ कॉलवर "बाबा, आवाज तुटतोय" म्हणते की नाही, एवढाच माझा मीटर, आणि त्यावर दोन्ही पास आहेत.

म्हणून मी दुसरंच बघायला सांगतो. बिघडलं तर येणार कोण?

हा प्रश्न पूर्वीही होताच, फक्त येणारा माणूस वेगळा होता. २००५च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं तेव्हा सरकारच्या लेखी सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. त्या वेगाने एक जीबी उतरवायला जवळजवळ नऊ तास लागतात, तेही मध्ये लाइन गेली नाही तर. आणि लाइन जायचीच. त्यामुळे संगणक रुसला की दापोलीहून एक पोरगा मोटारसायकलवरून यायचा, खांद्याला सीड्यांची बॅग. विंडोज सीडीतून, प्रिंटरचा ड्रायव्हर सीडीतून, अँटिव्हायरसही सीडीतूनच. फॉर्मॅट मारायचे पाचशे रुपये, आणि दुपार व्हायची म्हणून जेवण आमच्याकडे. आंबापेट्यांचा हिशेब त्याने दोनदा फॉर्मॅटमध्ये घालवला, तरी तिसऱ्यांदा त्यालाच बोलावला. दुसरा होता कुठे?

आज तोच एक जीबी ५० एमबीपीएसच्या लाइनवर तीन मिनिटांच्या आत येतो. विंडोज रात्री आपलं आपण अपडेट होतं, प्रिंटर स्वतःचा ड्रायव्हर शोधून आणतो, हिशेबाची एक प्रत घराबाहेर कुठेतरी सुखरूप असते. काही अडलंच तर पुण्याचा भाचा तिथे बसून माझा स्क्रीन ताब्यात घेतो आणि चहा उकळेपर्यंत काम करून मोकळा होतो. (अनोळखी फोनवाल्याच्या सांगण्यावरून मात्र असलं कुठलंही अ‍ॅप उघडू नका, खातं साफ होतं.) सीड्यांवाला पोरगा आता सीसीटीव्ही बसवत फिरतो. गेल्या चार वर्षांत माझ्या संगणकाला बाहेरच्या कुणाचा हात लागलेला नाही.

पण ही सगळी चैन नेटवर टांगलेली. नेट गेलं की भाचाही गेला. मदत लागायची थांबली म्हणावं तर तसं नाही, ती टेबलावरून उठून छतावर आणि खांबावर जाऊन बसली. तिथे तार आणि डबा यांच्यात फरक पडतो.

डब्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. ५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं, आमच्याकडे पोचायला अर्थातच वेळ लागला. पण पोचल्यावर दोन पोरं आली आणि तासाभरात डबा बसवून गेली. खांब नको, शेजाऱ्याच्या आगरातून तार नेऊ का म्हणून विचारणं नको, गडग्यावरून वाद नको. मे महिना होता, नेट सुसाट चाललं. मिरग लागला आणि ते अडखळू लागलं. लोक पावसाला दोष देतात, पण या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही, अडवतात ती भिजलेली पानं. टॉवर आणि माझं छत यांच्यामध्ये शेजाऱ्याचे चार माड आणि एक रायवळ आंबा. डबा हातभर सरकवल्यावर ते बरंचसं निभलं. वळीव गडगडायला लागला की मी डब्याचा प्लग काढतो, कारण छतावरून खाली येणारी त्याची तार तांब्याची असते. फायबर काचेचा, त्याला ती धास्ती नाही.

एवढ्यावर मी डबा सोडला नसता. सोडला तो एका जुलैमुळे.

तीन दिवस वीज नव्हती. पहिल्या रात्री टॉवरची बॅटरी संपली आणि नेट गेलं. माझा मोबाइल त्याच कंपनीचा, त्याच टॉवरवरचा. बायकोचाही, कारण घरातली सगळी सिमं एकाच प्लॅनमध्ये. म्हणजे नेट ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने तक्रारीचा फोनही गेला. तक्रार अ‍ॅपवरून करायची, तर अ‍ॅप म्हणतं, "इंटरनेट जोडणी तपासा." शेवटी स्कूटर काढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर गेलो, तिथे खाडीपलीकडच्या टॉवरची रेंज येते. एका हातात उलटी झालेली छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलायला आली, अगदी अदबीने. "सर, डिव्हाइसवर आत्ता कोणत्या रंगाचा दिवा आहे?"

"डिव्हाइस घरी आहे, मी सड्यावर आहे."

"सर, डिव्हाइसजवळ जाऊन फोन कराल का?"

"तिथे फोन लागत नाही ना."

"मग सर, अ‍ॅपवरून…"

तिचा काय दोष? तिला सडा कुठे माहीत असणार. चौथ्या दिवशी वीज आली, टॉवर उठला, आणि पहिला मेसेज येऊन पडला तो तक्रार सोडवल्याचा, पाचपैकी किती गुण द्याल म्हणून. डबा बसवणाऱ्या पोरांचा नंबर लावून पाहिला. त्यांनी ते काम सोडलं होतं.

त्यानंतर तार घेतली. तिच्याही तक्रारी आहेत. वानरं तिच्यावर झोके घेतात. पावसाळ्याआधी विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटतात, त्यात आपलीही तार जाते. संध्याकाळी सगळी वाडी मालिका आणि क्रिकेट लावून बसली की वेग उतरतो. केबलवाला पावती देत नाही, आणि शिमग्यात पालखी नाचवायला गेला की पाच दिवस फोन उचलत नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये माडाची झावळ पडून तार तुटली तेव्हा राउटरवर लाल दिवा लागला, आणि माझा मोबाइल चालू होता, कारण त्याची वाट वेगळी. फोन लावला. तो म्हणाला, "लाल लागलाय ना? मग घरात कशालाच हात लावू नका, आगरात बघून या." बघितलं तर विहिरीपाशी तार लोंबत होती. फोटो पाठवला. दुपारी तो रेनकोट घालून आला, माझी छत्री स्वतःऐवजी जोडायच्या मशीनवर धरायला लावली आणि केसाएवढ्या काचेला काच जोडली. तारेतून येणारा उजेड मोजायचा मीटर लावून म्हणाला, "उणे तेवीस. उणे सत्तावीसच्या खाली गेलं तर बोंब." एवढं ज्ञान मला आता तोंडपाठ आहे, आणि पुढच्या वेळी फोनवर काय सांगायचं तेही.

आणखी एक त्यानेच समजावलं. त्याच्या बाजारातल्या मशीनपासून माझ्या घरापर्यंत वाटेत वीज लागणारं काहीच नाही. तिकडे त्याचा इन्व्हर्टर, इकडे राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, की अंधारातही नेट चालतं. टॉवरचं पोट त्यामानाने मोठं, त्याला वीज जास्त लागते.

तरी माझं ऐकून डोळे मिटून तार घ्या असं म्हणणार नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आमचा तालुका झोडपला तेव्हा खांबच आडवे झाले होते. असं पुन्हा झालं तर टॉवर डिझेल मिळताच उभा राहील, तार कधी परत येईल ते देव जाणे. घर वर्षाचे दहा महिने बंद असेल, छतावर उभं राहिल्यावर टॉवर स्वच्छ दिसत असेल, तर डबा सुटसुटीत. फक्त घरातलं एक तरी सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. तुमच्याकडचा केबलवाला लांबच्या गावचा असेल, तर माझं अर्धं म्हणणं तसंच गळून पडतं. पण तो शेजारच्या वाडीतला असेल तर शिमग्याचे पाच दिवस मी सोसेन. चिऱ्याच्या भिंतीतून माजघराच्या पलीकडे वायफाय जात नाही, हे दोन्हीकडे सारखंच. पडवीत दुसरा राउटर लागणार, तो खर्च धरून चाला.

डबा परत न्यायला मी वैशाखात कळवलं होतं. न्यायला कुणी आलेलं नाही. नेल्याचा मेसेज आलाय.