स्टील क्लीनर स्प्रे : चमक झकास, सफाई यथातथाच

बाटलीवर ठळक लिहिलंय, ‘सफाई आणि चकाकी एकाच फवाऱ्यात’. चकाकी मिळते. सफाईच्या नावाने मात्र बोंब आहे. पाचपैकी तीन तारे देतेय, तेही फ्रिजच्या दाराकडे बघून.

घटकांच्या यादीत मिनरल ऑइल अगदी वरच आहे, त्यावरूनच काय ते समजा. ब्रश फिनिशच्या स्टीलवर बारीक समांतर रेघा असतात. त्यांत हे तेल जाऊन बसतं, सगळा पत्रा एकसारखा दिसायला लागतो आणि बोटांचे ठसे उठून दिसत नाहीत. ठसा म्हणजे तरी काय, हाताचं तेलच. सगळीकडेच तेल असलं की तो लपतो. आमच्या फ्रिजच्या हँडलभोवती पोरांच्या हातांची कायमची नक्षी असते, तिथे हा स्प्रे खरंच कामाला येतो. फडक्यावर मारायचा, रेघांच्या दिशेने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने जादाचं तेल टिपून घ्यायचं. हे शेवटचं टाळलंत तर दार तेलकट राहतं आणि धूळ आनंदाने येऊन बसते.

आता शेगडीवरची, धूर ओढणारी चिमणी. तिच्या खालच्या कडेला तो पिवळा चिकटा साचतो ना, बोट लावलं तर ओढून काढावं लागतं, त्याच्यापुढे हा स्प्रे ढिम्म. घासून घासून हात दुखतो आणि चिकटा नुसता चकाकायला लागतो! तो निघतो गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने. त्यात भिजवलेलं फडकं कडेला लावून ठेवा, जरा दम धरा, मग पुसा. साबण पूर्ण निघाला पाहिजे आणि पत्रा कोरडा झाला पाहिजे. त्यानंतर हौस असेल तर स्प्रे.

सिंकजवळचे पांढरे ठिपकेही याने जात नाहीत, कारण ते पाण्यातले क्षार असतात. पाणी घातलेलं व्हिनेगर लावलं की ते सुटतात. मात्र नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. बर्नरच्या आजूबाजूला निळसर-सोनेरी छटा येते, ती तर मळच नाही. उष्णतेने स्टीलवरचा ऑक्साइडचा थर जाड होतो, त्याचा तो रंग. आणि शेगडीला हा स्प्रे लावूच नका. तापल्यावर तेल करपतं, वासही येतो.

कंपनीवर राग आहे तो वेगळ्याच कारणाने. काही फ्रिजच्या दारांना ठसे न उमटणारं कोटिंग असतं आणि त्यावर असली पॉलिशं लावायची नसतात. ही सूचना बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. ब्लीच आणि तारेची घासणी वापरू नका, हे तर कुठेच नाही. ब्लीचमधल्या क्लोराइडमुळे स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर फुटतो आणि बारीक खड्डे पडतात. तारेच्या घासणीचे लोखंडी कण मागे राहतात आणि गंजतात, मग लोक म्हणतात स्टीलच खोटं. लोहचुंबक चिकटला म्हणूनही तसंच म्हणतात. अहो, उपकरणांना बरेचदा ४३० ग्रेडचं स्टील वापरतात. त्यात निकेल जवळजवळ नसतं, म्हणून चुंबक चिकटतो. पण १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, म्हणजे ते स्टेनलेसच. फक्त निकेलवाल्या ३०४ ग्रेडपेक्षा मिठाला आणि ब्लीचला लवकर हार जातं, एवढंच.

वास सौम्य आहे, डोकं चढत नाही. ट्रिगर मात्र गळका. बाटली आडवी ठेवली की कपाटात थारोळं. थेंबभर पुरत असल्यामुळे मोठी बाटली घेण्यात काही अर्थ नाही. ही संपली की लहानच आणेन, आणि उरलेल्या पैशांत दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी.