मॉडेल कारची बॉडी कशाने रंगवावी: स्प्रे कॅन की एअरब्रश? नागपुरात राहणाऱ्यांसाठी

१/२४ मापाचं किट घरी आलं की सीटा, डॅशबोर्ड, चेसिस, टायर हे सगळं साध्या ब्रशने रंगवून होतं आणि चांगलंही दिसतं. गाडी अडते ती बॉडीपाशी. खऱ्या कारच्या बॉनेटमध्ये समोरच्या झाडाचं प्रतिबिंब दिसतं. मॉडेलच्या बॉनेटमध्ये ट्यूबलाइटची सरळ, न तुटलेली रेघ दिसली पाहिजे, आणि ब्रशचा ओरखडा तिथे लपत नाही. म्हणजे बॉडीवर रंग फवारायचाच. तो कॅनमधून फवारायचा की एअरब्रशमधून (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेनसारखं अवजार), एवढंच ठरवायचं उरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या दोन-तीन गाड्या स्प्रे कॅननेच करा, आणि त्या दिवाळी ते होळी या काळात करा. एअरब्रश वाईट म्हणून नव्हे; तो फार चांगला आहे. पण कारची बॉडी म्हणजे एकच मोठा, चकचकीत, एकरंगी पृष्ठभाग, आणि नेमक्या याच कामात कॅन फारसा मागे पडत नाही. विमानं किंवा रणगाडे करणाऱ्याला मी असा सल्ला दिला नसता. त्यांना बारीक छटा आणि कॅमोफ्लाज लागतो, तिथे कॅन कामाचा नाही.

तिसरा पर्यायही आहे आणि शाळकरी मुलासोबत बसणार असाल तर तोच घ्या: रंगीत प्लास्टिकचं, खटकन बसणारं किट. आओशिमा या जपानी कंपनीच्या १/३२ स्नॅप किट मालिकेत सुझुकी जिम्नी आहे, तीन दारांची. गोंद नको, रंग नको. सांध्यांवरच्या खुणा २००० नंबरच्या वॉटर पेपरने पुसून रबिंग कंपाउंड फिरवलं तर प्लास्टिकलाच बऱ्यापैकी चकाकी येते. एक रविवार आनंदात जातो. मात्र रंगकाम शिकायचं असेल तर हा रस्ता तिकडे जात नाही.

कॅन काय देतो

जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीचे टीएस मालिकेचे कॅन सगळ्यात जास्त वापरले जातात. १०० मिलीचा कॅन, आत सिंथेटिक लॅकर (सॉल्व्हंट उडून वाळणारा रंग), खास पॉलिस्टायरीनसाठी, म्हणजे किटच्या नेहमीच्या प्लास्टिकसाठी बनवलेला. टीएस-८ इटालियन रेड, टीएस-१४ काळा, टीएस-२६ शुद्ध पांढरा, टीएस-१३ क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) ही नेहमी लागणारी नावं. ऑनलाइन मागवताना एका गोष्टीकडे नीट बघा: पीएस मालिकेचे कॅन दिसायला तसेच असतात, पण ते आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत. स्टायरीनवर मारायचे नाहीत.

एका कॅनमध्ये साधारण दोन बॉड्या होतात. लाल किंवा पिवळा रंग गडद प्लास्टिकवर झाकायचा असेल तर बरेच हात जास्त लागतात, म्हणून खाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर द्यावा. उलट लाल प्लास्टिकवर पांढरी गाडी करताना खालचा लाल रंग वर झिरपून येतो आणि दोन दिवसांनी गाडी गुलाबीसर दिसायला लागते. तिथे प्रायमरच्या आधी चंदेरी रंगाचा एक थर अडसर म्हणून द्यावा लागतो.

कॅनचा मोठा गुण म्हणजे तयारी नाही आणि धुणंही नाही. बॉडी रिकाम्या बाटलीवर चिकटवायची, कॅन मिनिट-दीड मिनिट नीट हलवायचा, पंधरा-वीस सेंटिमीटरवरून सुरुवात करायची. नोझल दाबायचं ते बॉडीच्या बाहेर, हात एका सरळ रेषेत बॉडीवरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच बोट उचलायचं. पहिले दोन हात इतके हलके की खालचं प्लास्टिक दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने मग ओला हात, म्हणजे ओला चकाकेल इतका भरघोस थर. या ओल्या हातात रंग स्वतःहून पसरून सपाट होतो, आणि तो ओघळायच्या एक क्षण आधी थांबणं हेच खरं शिकायचं कौशल्य. कॅनवर ते लवकर कळतं, कारण बदलण्यासारखं फक्त अंतर आणि हाताचा वेग असतो.

तोटाही याच्यातच आहे. फवारा किती रुंद, दाब किती, रंग किती पातळ, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. कॅन रंग भरभरून टाकतो. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी त्यात बुजतात, म्हणून रंगाआधी स्क्राइबरने (रेघा कोरायच्या टोकदार अवजाराने) त्या थोड्या खोल करून घ्याव्यात. आरसे, वायपर, ग्रिल अशा लहान तुकड्यांवर कॅन मारला तर रंग तुकड्यावर कमी आणि हवेत जास्त जातो.

हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तातले स्प्रे मिळतात, बर्डीत-इतवारीत कुठेही. त्यांच्यातलं सॉल्व्हंट स्टायरीनला खाऊ शकतं. मारायचाच असेल तर किटच्या स्प्रूवर (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) आधी मारून बघा. स्प्रूचा पृष्ठभाग खरखरीत झाला किंवा त्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो कॅन गेटच्या कामाला ठेवा.

एअरब्रशचा हिशेब

डबल अ‍ॅक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही कमी-जास्त करता येणारा), वरून कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर ही सुरुवातीची जोडी. टाकी नसलेला घेऊ नका. हवेचा झोत थरथरतो आणि तो थरथराट रंगात उतरतो. यावर मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा), होज, थिनर, सफाईचा ब्रश, ढवळायचे कप. एकदम उभा राहणारा खर्च कॅनच्या कित्येक पट आहे, हे खरं. पण नंतर प्रत्येक गाडीचा रंग स्वस्त पडतो. तामियाच्या एलपी लॅकरची १० मिलीची बाटली थिनरमध्ये पातळ केली की एक बॉडी निघते, आणि बाटली कॅनपेक्षा बरीच स्वस्त असते.

खरा खर्च वेळेचा आहे. रंग बदलताना दर वेळी कप आणि सुई पुसायची, काम संपल्यावर नोझल काढून धुवायचं. सफाईला हार्डवेअरमधलं एनसी थिनर चालतं आणि ते स्वस्तही आहे, पण त्याने रंग पातळ करून बॉडीवर मारू नका. स्टायरीन त्यात विरघळतं. रंगासाठी मॉडेलचं थिनरच वापरा. मिस्टर हॉबीचं लेव्हलिंग थिनर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. त्यात रिटार्डर असतो, म्हणजे रंग हळू वाळतो आणि पसरायला वेळ मिळतो.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतो ताबा. पंधरा-वीस पीएसआय दाब, आठ-दहा सेंटिमीटर अंतर आणि पातळ थर. दारांच्या फटी मोकळ्या राहतात. चंदेरी-करड्या मेटॅलिक रंगात तर एअरब्रश निर्विवाद पुढे आहे. कॅनच्या जड हातात धातूचे कण ओल्या रंगात सरकतात आणि दारांवर ढगाळ पट्टे दिसतात. एअरब्रशने हलके थर देत गेलं की कण एकसारखे बसतात. शिवाय तुम्हाला हवी ती छटा मिसळता येते. लहानपणी घरी असलेल्या मारुती ८०० चा नेमका रंग दुसऱ्या कुठल्या किटवर उतरवायचा असेल, तर कोणत्याही कॅनवर तो छापलेला सापडणार नाही.

नागपूरची हवा

परदेशी पुस्तिका वाचून ठरवणाऱ्यांना इथेच फटका बसतो. त्यांचा सल्ला वीस-बावीस अंशांच्या हवेला धरून दिलेला असतो.

मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. अशा वेळी कॅनमधून निघालेला थेंब बॉडीवर पोचायच्या आतच अर्धा वाळतो. तो पसरत नाही, भुकटीसारखा बसतो. हात लावला तर खरखर लागते आणि चकाकीचा पत्ता नसतो. पहाटे साडेपाच-सहाला मारलं तर थोडं सावरतं, पण खात्री नाही. एअरब्रशमध्ये मात्र उपाय आहेत: रिटार्डर वाढवा, दाब उतरवा, जवळून मारा.

कूलरचं तर वेगळंच प्रकरण. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांमधून येणारी हवा ओलसर असते आणि सोबत बाहेरची धूळ आणते. लॅकर वाळताना सॉल्व्हंट उडून जातं आणि पृष्ठभाग झपाट्याने गार पडतो. त्या गार पृष्ठभागावर ओलसर हवेतलं पाणी धरतं आणि क्लिअर कोट दुधाळ दिसायला लागतो. रंगवायच्या तासभर आधी कूलर बंद करा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, आणि रंग झाल्यावर बॉडी झाकून दुसऱ्या खोलीत ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये हाच दुधाळपणा कूलरशिवायही येतो, कारण हवेतला ओलावाच ८० टक्क्यांच्या वर जातो. कॅनने चमकदार काम करायचं असेल तर हे दोन महिने सोडून द्या आणि इंजिन, सीटा, चाकं ही ब्रशची कामं उरकून घ्या. एअरब्रशवाल्यांनी या दिवसांत मॉइश्चर ट्रॅप दर थोड्या वेळाने मोकळा करावा. हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि त्याचा एक थेंब नोझलमधून बाहेर आला की ओला थर खराब होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सोन्याचा काळ. सकाळी गारठा असतो, तेव्हा कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की दाब वाढून फवारा बारीक होतो. कोमट म्हणजे कोमटच; गॅसवर नाही, हीटरजवळ नाही. दहा-अकराच्या सुमाराला उन्हं वर आली की रंगवायला बसावं.

थोडक्यात, नागपुरात कॅनचा हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि एअरब्रशचा जवळजवळ वर्षभराचा. माझ्या मते एअरब्रश घेण्यामागचं इथलं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे, बारीक रेघा वगैरे नव्हे.

साठवणीचंही बघा. जपानी कॅनवर ४० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा माळा उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतो. उरलेले कॅन घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. पार्क केलेल्या गाडीत तर कधीच नको. रंगवलेली बॉडी लवकर वाळावी म्हणून तिथे ठेवणंही टाळा. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ खांब त्याच्या बरेच आधी वाकतात.

जागा, वास आणि घरची माणसं

कॅनला गच्ची किंवा अंगण लागतं. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरात चौक असेल तर फारच उत्तम, वारा अडतो. फ्लॅटच्या बाल्कनीतून मारला तर रंगाची धूळ शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, आणि ते भांडण न्याय्य असतं. एअरब्रश एका खोक्याएवढ्या स्प्रे बूथमध्ये, एक्झॉस्ट पंखा आणि खिडकीबाहेर सोडलेल्या पाइपवर चालतो. कॉम्प्रेसरची घरघर रात्री अकराला कुणाला आवडणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोन्हीत लॅकरची वाफ आहे. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या. वाफ पेट घेते, तेव्हा देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी त्या खोलीपासून लांब. लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर एअरब्रशमधून पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक मारणं जास्त शहाणपणाचं. चकाकी थोडी कमी मिळते, ती क्लिअर कोटने भरून काढता येते.

आणखी एक गोष्ट: कॅन विमानाने येत नाहीत, सामानातूनही नेऊ देत नाहीत. पुण्या-मुंबईहून रस्त्याने येतात आणि वेळ लावतात. दिवाळीनंतर रंगवायचं असेल तर दसऱ्याच्या आधीच मागवून ठेवा.

चकाकी शेवटी कुठून येते

अवजार कोणतंही असो, फवाऱ्यानंतर थोडा ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, उरतोच. तो काढायचा वॉटर पेपरने: आधी २०००, मग ३०००, भरपूर पाणी आणि पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. मग कंपाउंड, मऊ सुती फडक्याने. डेंटिंग-पेंटिंगवाला खऱ्या बॉनेटवर जे करतो तेच, फक्त दोन बोटांनी. त्याआधी किमान आठवडाभर थांबा. नाक बॉडीजवळ नेऊन वास घ्या. वास येत असेल तोवर सॉल्व्हंट बाहेर पडतंय, हात लावू नका.

कडा सांभाळा. बॉनेटची धार, चाकांच्या कमानी, छताची कड इथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि पेपर तिथेच जास्त दाबला जातो. दोन वेळा फिरवला की प्रायमर उघडा पडतो. म्हणून कडांना आधी मास्किंग टेप लावून मधला भाग घासावा, आणि कडेला शेवटी नुसतं कंपाउंड फिरवावं. डिकॅलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांवर) क्लिअर मारताना पहिले दोन-तीन हात धुक्याइतके हलके असू द्या. टीएस-१३ चा ओला हात थेट डिकॅलवर बसला तर ते सुरकुततं.

मग कुणी काय घ्यावं

वर्षाला एक-दोन गाड्या होणार असतील, गच्ची हाताशी असेल आणि लाल-पांढरी-काळी अशा सरळ रंगांची आवड असेल तर कॅन, आणि त्यातच वर्षानुवर्षं समाधानाने राहता येतं. किटही इंजिन नसलेलं, तामियाच्या १/२४ माझदा रोडस्टरसारखं घ्या, म्हणजे लक्ष बॉडीवर राहील. फ्लॅटमध्ये राहत असाल, मेटॅलिक रंग हवे असतील किंवा पावसाळ्यातही हात थांबवायचा नसेल, तर दुसऱ्या गाडीनंतर एअरब्रशसाठी पैसे बाजूला टाकायला लागा.

एअरब्रश घेतल्यावरही उरलेले कॅन वाया जात नाहीत. कॅनच्या नोझलला स्ट्रॉचा तुकडा लावून रंग काचेच्या बाटलीत उतरवून घ्या. आत विरघळलेला गॅस निघून जायला बाटली काही तास उघडी, सावलीत ठेवा. लगेच झाकण लावलं तर दाब साठतो आणि लगेच वापरला तर रंगात बुडबुडे येतात. मग थोडं लेव्हलिंग थिनर घालून तोच टीएस रंग एअरब्रशमधून मारता येतो.