व्हॉट्सॲप ग्रुप की उशाशी फाईल?

घरी असलेल्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटभोवती माणसं पुष्कळ: मानसोपचारतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, फिजिओ, ब्युरोकडून आलेल्या दिवस-रात्रीच्या मावशी, परगावचा मुलगा. यांनी एकमेकांना सांगायचं कुठे, याचे व्यवहारात दोनच पर्याय उरतात: ग्रुप किंवा फाईल. आभा (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) जरूर असावं, पण त्यात दवाखान्यांनी चढवलेले रिपोर्ट येतात. रात्री दोन वाजता आजोबा दार का ठोठावत होते, ते येत नाही.

वेगात ग्रुपला तोड नाही. चालताना पाय घासतायत, हात थरथरतोय, याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ पानभर वर्णनापेक्षा कामाचा. मुलालाही तिकडे बसून कळतं.

पण एक गोष्ट अशी नडते की आमचं मत तिथेच फिरलं. ग्रुपवर काट मारता येत नाही. गोळी सुरू झाल्याचा फोटो येतो. बंद झाल्याची बातमी फोनवर, तोंडी. जुनं प्रिस्क्रिप्शन गॅलरीत जिवंतच राहतं. मावशी बदलली की कोणीतरी वर सरकवत जातो, सापडेल तो फोटो पुढे पाठवतो आणि बंद केलेलं ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्याचं जुनं औषध) पुन्हा डबीत येतं. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचं औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्मरणाला लागणारं रसायन, टिकवायला बघतं; ॲमिट्रिप्टिलिन त्याच्या उलट ओढतं; वर बद्धकोष्ठ आणि गोंधळ. डोनेपेझिलमुळे कधीकधी लघवी आवरत नाही. ते ठाऊक नसलेले दुसरे डॉक्टर लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन लिहितात, म्हणजे पुन्हा तीच ओढाताण.

फाईलच्या पहिल्या पानावर औषधांचा एकच तक्ता ठेवावा: नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कोणी सुरू केलं, कधी बंद. ‘कशासाठी’ हा रकाना सगळे गाळतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतात. बंद औषधावर आडवी रेघ, तारीख, सही. खाडाखोड वाढली की नवं पान. जुनं मागे लावायचं, फाडायचं नाही.

रिव्हास्टिग्माइनची (हेही स्मृतिभ्रंशाचंच औषध) त्वचेवर लावायची पट्टी असेल तर दोन रकाने वेगळे: ‘जुनी काढली’ आणि ‘नवी कुठे लावली’. पट्टी 24 तासांची. पाठीवरची जुनी दिसली नाही आणि छातीवर नवी लावली, की दुप्पट औषध जातं. उलट्या होतात, नाडी मंदावते. त्याच जागी 14 दिवस पुन्हा लावायची नसते, म्हणूनही जागा लिहायची. ग्रुपवर ‘पट्टी लावली’ आणि अंगठा, एवढंच येतं.

फाईलचेही ताप आहेत. तपासणीला जाताना ती हमखास घरी राहते. आठवडाभराची ‘झोप बरी’ एकाच पेनाने एका बैठकीत भरलेली सापडते. लिहिणं जड जाणाऱ्या मावशींसाठी झोप, जेवण, शौच, लघवी यांचे खुणेचे चौकोन छापून द्यावेत. वागणुकीचं मात्र वाक्यच हवं. ‘अस्वस्थ’ एवढ्याने डॉक्टर झोपेची गोळी वाढवतील. ‘2 ते 4 दार ठोठावलं, लघवीला नेल्यावर शांत’ लिहिलं तर कदाचित वाढवणार नाहीत.

गुप्ततेत फाईलही निर्दोष नाही. टीपॉयवर ठेवली तर शेजारीही चाळतात. तरी ती एका घरात असते. ग्रुपमधून काम सोडून गेलेल्या मावशीला काढायचं राहूनच जातं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचार करणाऱ्या इतर आरोग्य व्यावसायिकांना उपचारासाठी माहिती देता येते; ‘उपचारासाठी’ ही मर्यादा ग्रुपवर पाळणं कठीणच.

पेशंटला दवाखान्यातच नेता येत असेल आणि मावशी नसतील, तर कदाचित ग्रुपवर भागेल. नाहीतर फाईल, आणि तातडीसाठी फोन: पडणं, घास अडकणं, काही तासांत अचानक वाढलेला गोंधळ. या शेवटच्याला ‘आजार वाढला’ म्हणून सोडू नये. बऱ्याचदा मागे लघवीचा संसर्ग किंवा नवं औषध निघतं. पहिल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचाच असेल तर पानावर तारीख ठळक घाला, आणि आधीचा फोटो सगळ्यांच्या गॅलरीतून काढायला लावा.