सरकत्या भिंतींचा फ्लॅट, रत्नागिरी: एक पावसाळा आणि एक गणपती काढल्यावर

कार्पेट एरिया, रेट, पार्किंग सगळं माहितीपत्रकात आहे, ते उगाळत नाही. मी चाकांबद्दल लिहिणार आहे.

आमच्या टू बीएचकेत हॉल आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये वीट नाही. वरच्या रुळाला चाकांवर टांगलेल्या, दुमडणाऱ्या प्लायच्या भिंती आहेत. भर जुलैत मधली अर्ध्यावरच अडकली. आत आईची झोप, बाहेर आमचा टीव्ही. ओढली की अशी किंचाळायची की शेजारी विचारायला आले. सुताराला बोलावलं. चाकांची बेअरिंगं गंजून घट्ट, प्लाय खालून फुगलेला.

समुद्र हाकेच्या अंतरावर आणि लावलंय काय, तर एमआर ग्रेड प्लाय, म्हणजे घरातला थोडाफार दमटपणा सोसणारा! इथला कुठलाही सुतार सांगेल, ओल असेल तिथे मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. चाकं ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवीत. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त तग धरतं. आमच्याकडे ३०४ सुद्धा नाही. या दोन्ही स्टीलना चुंबक सहसा धरत नाही, इथे लावला तर टपकन चिकटला. साधं लोखंड, वर झिंकचा मुलामा. एवढी इमारत उभी करून चाकांत किती पैसे वाचवले असतील?

बिल्डरचा माणूस म्हणाला, "खाऱ्या हवेचा गंज वॉरंटीत बसत नाही." मग मी रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १४(३) लिहून पत्र दिलं, पोच घेऊन. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामातला किंवा दर्जातला दोष कळवला, तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. चाकं बदलून मिळाली. प्लायवरून अजून वाद चालू आहे.

इथवर दोन तारे देणार होतो. मग गणपती आले, आणि मुंबईचे चाकरमानी. सगळ्या भिंती दुमडल्या, घर सलग झालं. मखराला जागा, आरतीला सगळे एकत्र. रात्री त्याच भिंती ओढून बायकांची खोली, पोरांची खोली, आणि घोरणाऱ्यांची अगदी टोकाला. (घोरणं आरपार ऐकू येतं, ते वेगळं.) गावच्या घरात ओटी-पडवी असंच काम करायची, पडवीत कधी पाहुणे, कधी लाकडं. तिसऱ्या मजल्यावर हे जमेल असं मला वाटलं नव्हतं.

सेल्सवाला म्हणायचा, "एकदम नवीन कन्सेप्ट, सर." कसलं नवीन! नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट शहरात रीटफेल्ड या वास्तुरचनाकाराने श्रोडर नावाच्या बाईंच्या घराचा वरचा मजला १९२४ सालीच सरकत्या भिंतींचा केला. १९६१ साली तिथल्याच हाब्राकेन या वास्तुरचनाकाराने मांडलं की सांगाडा वेगळा आणि आतली मांडणी वेगळी, मांडणी राहणाऱ्याच्या हातात.

आमचा सांगाडा कॉलम-बीमचा आहे, म्हणून हे चालतं. मायव्हानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती-स्लॅब काँक्रीटमध्ये ओतलेल्या इमारतीत भिंतीच भार घेतात, तिथे हात लावू नका. संडास, मोरी, स्वयंपाकघर मात्र शाफ्टला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीला खिळलेलं, ते हलत नाही. सरकत्या भिंतीवर स्विचबोर्ड नसतो, त्यामुळे खोलीच्या मधोमध प्लग नाही. आईच्या उशाशी एक्स्टेंशन लोंबतंय.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी घ्या. पण ताबा घेण्याआधी एक भिंत रुळावरून उतरवून दाखवायला सांगा, आणि खिशात चुंबक न्या. माझ्याकडून आता चार तारे. पाचवा मरीन प्लाय बसल्यावर.